मुक्या मावश्यांच्या भेटीला

ब्रॅकनकूम,
माळभेटीनंतरचा सोमवार

तीर्थरूप केझायाताईस,

धाकट्या सायलसचा टोपी काढून, आणि गुडघा जमिनीला जेवढा टेकेल तेवढा टेकवून, नमस्कार. (पुरता टेकत नाही. का ते पुढे कळेल.) तुझा खोकला आता कसा आहे? मधातून कांद्याचा रस घेतेस ना, की जावईबापूंच्या त्या बाटलीतल्या औषधावरच विसंबून बसली आहेस? नातीला दात आले का? तुझ्या मांजरीने शेजाऱ्याच्या कबुतरांचा नाद सोडला का? इकडे सर्व क्षेम आहे. पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचल्यावर खोडावंसं वाटलं तर तूच खोड, मला आज सरळ रेघ मारता येणार नाही.

तर ताई, मी माळ चालून मुक्या मावश्यांना भेटून आलो. (हे वाक्य लिहून मी लेखणी खाली ठेवली, उठून दाराची कडी लागली आहे ना ते पाहिलं, आणि परत येऊन बसलो.) होय, मीच. ज्याला चर्चच्या वाटेवरची बदकं अजून अडवून दम देतात, तोच सायलस. पण इलाज नव्हता. आपला थोरला भाऊ ईनक गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेला, आणि त्याच्याबरोबर आपल्या चुलीचे पायही गेले. रिवाज तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण तो लिहिल्याशिवाय माझ्या भीतीला बूड मिळणार नाही. गावातल्या दर चुलीमागे एका माणसाने माळभेटीच्या शनिवारी पायी मावश्यांच्या दगडी रिंगणापर्यंत जायचं, थोरल्या मावशीला हात लावायचा, आणि दिवस मावळायच्या आत माळाच्या कारभाऱ्यापुढे उभं राहून ‘हात लावला’ एवढंच म्हणायचं. ज्याने म्हटलं त्याला वर्षभर माळावरची काळी माती कापून, वाळवून, तिची ढेकळं जळणाला घरी न्यायचा हक्क. ज्याने म्हटलं नाही त्याचा हक्क बुडाला तो कायमचा. पुढे नातवाने नाक घासलं तरी परत मिळत नाही. साक्षीदार लागत नाही, पुरावा लागत नाही, कारण मावश्यांच्या बाबतीत खोटं बोलणाऱ्याची जीभ दगडाची होते. त्या स्वतः का दगड झाल्या? प्रार्थनेच्या वेळी चर्चच्या भिंतीआड बसून साऱ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या म्हणून! त्या निदान खरं तरी बोलत होत्या.

आणि ढेकळं नाहीत तर विस्तव नाही. आजीच्या सासूने सासरी येताना मडक्यातून आणलेला विस्तव आपल्या चुलीत अजून जिवंत आहे. ईनकने त्या रात्री निजण्यापूर्वी त्याच्यावर राख ओढली होती. सकाळी ईनक उठला नाही, पण राखेखाली विस्तव होता. मी आधी तो फुंकला आणि मग रडायला बसलो. त्याच क्रमाने, कारण आईने तसंच शिकवलं होतं. दुकानातल्या दगडी कोळशावर तो एक दिवस तगणार नाही, आपल्या चुलीला जाळीच नाही. तेव्हा जाणं भाग होतं.

भीती कशाची वाटत होती म्हणून विचारशील. अगं, बाबा माळभेटीहून परतायचे ते आठव. विजार मांडीपर्यंत ओली, डोळे तांबारलेले, जीभ जड. आई आपल्याला ओढून बाजूला घ्यायची, ‘बोलू नका रे त्यांच्याशी, माळ पाहून आलेत.’ मग दुसऱ्या दिवशी साय घातलेल्या लापशीपुढे बसून ते हळूहळू सांगायचे: दलदलीत उभी असलेली काठी, काठीवर घट्ट मिटलेला हात, आणि हाताच्या खाली काही म्हणजे काही नाही. ईनकने पुढे दर वर्षी त्यात भर घातली. धुक्यात आपल्या मागून आपल्याच बुटांच्या आवाजाने कोणीतरी चालतं, आपण थांबलो की एक पाऊल उशिरा थांबतं, हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी चांगला म्हातारा होतो, तरी तीन रात्री दिवा लावून झोपलो. आणि वर पेथिब्रिजबाईंची ती कविता! तिसरीच्या वर्गात छडी हातात घेऊन शिकवलेली, पाहुण्या पाद्रीबुवांपुढे माझ्याकडून म्हणवून घेतलेली:

उभे राक्षस नभास भिडुनी, युगायुगांचे पहारेकरी;
वारा त्यांची पुसतो वार्ता, मेघ वाकुनी पाय धरी!

(‘पाय धरी’ला बाई टेबलावर छडी आपटायच्या, आणि पहिल्या बाकावरची मुलं आपापले पाय वर घ्यायची.) ज्यांचे मेघ पाय धरतात त्यांना मी हात लावायचा! किती वर्षं ती कविता मी शेकोटीपाशी बसून गुणगुणली आहे, डोळे मिटून, पायावर कांबळं घेऊन. कवितेतला माळ फार सुंदर आहे, ताई. त्यात ओलं काही नसतं.

सोबतीला लव्हडेवहिनी होत्या. आपल्या पलीकडच्या घरातल्या, ओबेड नॉस्वर्दीच्या पत्नी. ओबेड ईनकच्या पाठोपाठच गेला, त्यामुळे त्यांच्या चुलीलाही चालणारं माणूस उरलं नाही, आणि त्यांचीही ही पहिलीच माळभेट. बाईंचा स्वभाव तुला माहीत आहे. गावातली कुत्री त्यांना पाहून बसतात. आदल्या दिवशी कुंपणावरून म्हणाल्या, “भावजी, सगळ्यांबरोबर निघून तुमच्या चालीने गेलो तर मावश्या कंटाळून पुन्हा बायका व्हायच्या. आपण पहाटेच सुटू. मला संध्याकाळी गाईची धार काढायची आहे.” मी म्हटलं, सगळ्यांबरोबर गेलेलं बरं, काही झालंच तर चार माणसं ओढायला असतात. त्या म्हणाल्या, “चार माणसं हसायला असतात. ओढायला मी एकटी पुरे.” झालं. पहाटे विस्तवावर राख ओढली, त्याला सांगितलं की येतो, (हो, बोलतो मी त्याच्याशी, घरात दुसरं कोण आहे?) खिशात करंजीसारखी दुमडलेली बटाट्याची पेस्टी टाकली आणि निघालो.

फाटकापर्यंत मला काहीच वाटलं नाही. वर चंडोल गात होता, पिवळ्या काटेरी झुडपांना नारळासारखा गोड वास येत होता, मी कवितेची पहिली ओळ म्हटलीसुद्धा. मग फाटक मागे पडलं, आणि ताई, फाटक मागे पडलं की माळावर माणसाने केलेलं काहीच उरत नाही. जिकडे पाहावं तिकडे सारखंच तपकिरी, आणि ते सारं आपल्याकडे पाहतं आहे असं वाटतं. चंडोलही बंद झाला. मी वहिनींना विचारलं, “चंडोल का बरं गप्प झाला असेल?” त्या म्हणाल्या, “तुमची कविता ऐकून.” पण त्यांनीही मागे वळून पाहिलं, हे मी पाहिलं.

धुकं कुठून आलं ते कळलं नाही. येताना दिसलंच नाही. एका टेकाडाच्या अलीकडे नव्हतं, पलीकडे होतं. शाळेतल्या दुसऱ्या एका कवितेत धुक्याला ‘मऊ दुलई’ म्हटलं होतं. तो कवी नक्की खिडकीच्या काचेआडून पाहत असणार. ही दुलई असेल तर ती बुडालेल्या माणसाच्या अंगावरची. नाकासमोरचा स्वतःचा हात परक्याचा वाटायला लागला. आणि त्याच क्षणी मला मागून बुटांचा आवाज आला. मी थांबलो. तो एक पाऊल उशिरा थांबला.  मी श्वास रोखून कुजबुजलो, “वहिनी, माझ्या मागे कोणीतरी आहे.” मागून आवाज आला, “मी आहे, मेल्या! चालायचं तर चाला, मध्येच खुंटासारखे काय उभे राहता?” (रागावल्या की त्या भावजी म्हणायचं विसरतात.) त्यांच्या आवाजाने मी दचकून जो बाजूला झालो तो थेट दलदलीत, उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत. दलदल ओढत नाही, ताई. लोक उगाच तसं सांगतात. ती नुसती धरून ठेवते, शांतपणे, घाई नसलेल्यासारखी. ते जास्त भयंकर आहे. तिला ठाऊक असतं की दमणार आपण आहोत.

वहिनींनी छत्रीची मूठ माझ्या कोटाच्या पट्ट्यात अडकवली आणि वासरू ओढावं तसं मला बाहेर काढलं. बूट आत राहिला. मी बुटाला हाक मारणार होतो, पण वहिनींनी बाही वर करून हात घातला आणि तोही काढला. गुडघा तेव्हाच मुरगळला. (वर नमस्कारात लिहिलं होतं ते हेच.) आणि मग आम्ही पुढे चालू लागलो, आणि पुष्कळ चाललो, आणि समोर एक खड्डा आला. गुडघाभर खोल, काठावर छत्रीच्या मुठीची खूण. आमचाच.

  मग दोघांनी एकदमच मान्य केलं: चकवा! माळावरच्या बुटक्या भुतांनी वाट फिरवली होती. आता यावर उपाय एकच, तो आपल्या गावात पाळण्यातल्या पोराला ठाऊक: कोट उलटा करून घालायचा. बुटक्यांना ओळख पटत नाही, ते म्हणतात हा कोणी दुसराच, आणि सोडून देतात. मी लगेच कोट काढून उलटा केला. तू मागच्या नाताळात जुन्या पडद्याचं अस्तर लावून दिलंस ना, तो मोठ्या गुलाबांचा पडदा, तो आता बाहेर आला. वहिनी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, “बुटके सोडाच, तुमची आईसुद्धा ओळखायची नाही.” आपण असल्या गोष्टी मानत नाही, असं त्या वर म्हणाल्या. पण थोड्या वेळाने पाहतो तो त्यांच्या स्वेटरच्या शिवणी बाहेर आल्या होत्या. मी ते पाहिल्याचं दाखवलं नाही. भीतीतही काही सभ्यता असते.

उलट्या कोटाचा तोटा एकच, खिसे आत जातात. पेस्टी आता माझ्या फासळ्यांपाशी होती आणि ती काढायची म्हणजे कोट काढायचा, म्हणजे तेवढा वेळ बुटक्यांपुढे सायलस म्हणून उघडं पडायचं. शेवटी वहिनी म्हणाल्या, “बसा आता. मरायचंच असेल तर भरल्या पोटी मरू.” धुक्यात चाचपडत एकेका दगडावर टेकलो, आणि मी कोटात हात घालून, मान वळवून, एक तुकडा बाहेर काढला. खाताखाता मला एकदम वाटलं की आता खरंच संपलं. मरणाची भीती होतीच. नव्हती असं म्हणून मी तुझ्यापुढे मोठेपणा करणार नाही. पण त्याहून मोठी एक भीती आतून वर आली: घरात कोणी नाही. राखेखालचा विस्तव सकाळपासून वाट पाहतो आहे. आज रात्री त्याला ढेकूळ घालायला कोणी आलं नाही, तर तो पहाटे पहाटे एकटाच विझेल, आणि कोणाला कळणारही नाही की काय गेलं. मी हे वहिनींना सांगितलं. मला वाटलं टोमणा येईल. त्या म्हणाल्या, “माझाही.” आणि त्यांनी आपल्या पेस्टीतला मांसाचा तुकडा काढून मला दिला.

आता यापुढचं जपून वाच. टेकलेल्या जागेवरून उठायला म्हणून मी डावीकडच्या दगडावर हात ठेवला. तो दगड ऊन लागला. मी म्हटलं, धुक्यात दगड ऊन कसा? एवढ्यात त्याने श्वास घेतला. आणि मग, ताई, तो उठून उभा राहिला.

मी ओरडलो नाही. मला ओरडताच आलं नाही. मी फक्त एवढंच म्हणालो, अगदी हळू, आदराने, “मावशी...” आणि मावशी माझ्या तोंडावर शिंकली. मेंढी होती. तिच्या शिंकेने की कशाने, धुकं एका बाजूने फाटलं, आणि आम्ही पाहिलं की आम्ही रिंगणाच्या आतच बसलो होतो. म्हणजे लव्हडेवहिनी एका मावशीच्या डोक्यावर बसल्या होत्या आणि मी दुसरीच्या.

ताई, त्या गुडघ्याएवढ्या आहेत. ‘उभे राक्षस नभास भिडुनी’! मी उभा राहिलो तर राक्षस मीच होतो. मेघ त्यांचे पाय धरायला आला तर बिचाऱ्याला पालथं पडावं लागेल. शेवाळलेल्या, वाकलेल्या, थंडीने अंग आखडून बसलेल्या म्हाताऱ्या. चर्चच्या मागच्या बाकावर आपल्या गावच्या बायका बसतात तशा. क्षणभर मला पेथिब्रिजबाईंचा फार राग आला, आणि मग वाटलं, बाई तरी कुठे आल्या होत्या इथे? त्यांनाही कोणीतरी छडी आपटूनच शिकवलं असेल.

पण भीती संपली नाही, वाढली. कारण थोरली मावशी कोणती? सगळ्या एकाच उंचीच्या. रिंगणात एके ठिकाणी जागा रिकामी होती आणि तिथे पाणी साचलेला खळगा. “ही कुठे उठून गेली?” वहिनींनी विचारलं, आणि विचारल्यावर आपण काय विचारलं ते त्यांना कळलं, आणि त्या माझ्याजवळ सरकल्या. आम्ही एकेक करून सगळ्यांना हात लावला. खळग्यातल्या पाण्यालाही लावला. (मेंढीला लागलाच होता.) मग बाकीच्या गावकऱ्यांची वाट पाहत बसलो, की कारभारी आला म्हणजे तो थोरली दाखवेल. ऊन कलायला लागलं. कोणी आलं नाही. चाळीसेक चुलींची धडधाकट माणसं त्या वाटेवर होती आणि एकही पोचलं नव्हतं! मी डोळे मिटले की मला माळभर काठ्या उभ्या दिसत, प्रत्येक काठीवर एक ओळखीचा हात. वहिनी म्हणाल्या, “गावात आता बायकाच उरल्या म्हणायच्या.” शेवटी मेंढी उठून चालू लागली. ती घरी जाते आहे असं तिच्या पाठीवरून वाटलं. आम्ही तिच्या मागे लागलो. ती वळली तिथे वळलो, ती थांबली तिथे थांबलो, तिने एका जागी बराच वेळ गवत खाल्लं तेव्हा आम्ही आदबीने उभे राहिलो. आणि दिवस अजून हातभर वर असताना तिने आम्हाला माळाच्या फाटकापाशी, ‘तीन बदकं’ गुत्त्याच्या मागच्या अंगणात आणून सोडलं.

अंगणात सारा गाव होता. जिवंत! सफरचंदाच्या दारूचे पेले हातात, बुटांना चिखलाचा ठिपका नाही, आणि गुत्तेवाला एका मोठ्या भांड्यातून पाणी घेऊन ओळीने एकेकाच्या विजारीवर मांडीपर्यंत ओतत होता. मी गुलाबांचा पडदा अंगावर, एका बाजूला लंगडत, मेंढीच्या मागून आत शिरलो.  कारभारी गिडियन एंडाकॉट अर्धवट ओल्या विजारीत उभा होता. तो म्हणाला, “सायलस, अरे कुठे होतास तू? सकाळपासून तुला शोधतोय. तुला इथे बसवून सगळं सांगायचं होतं.”

मी म्हटलं, “मावश्यांकडे.”

“खरंच गेलास?” एंडाकॉटने विचारलं. “चालत?”

मग हळूहळू बाहेर आलं. त्याच्या आजोबांच्या वेळी एक वर्ष पाऊस खळेना, तेव्हा गावाने ठरवलं की माणसांनी मावशीकडे जाण्यापेक्षा मावशीने माणसांकडे यावं. ढेकळं ओढायच्या घसरगाडीवर घालून, घोडी जुंपून, थोरल्या मावशीला इथवर आणली, फक्त त्या वर्षापुरती. ती आजवर इथेच आहे. अंगणात आडवी. तिच्या पाठीवर दारूचं पिंप ठेवतात. दर माळभेटीला सगळे इथे येतात, तिला हात लावतात, पितात, विजारी भिजवतात आणि घरी जातात. ‘हात लावला’ हे खोटं नाही, म्हणून कोणाची जीभ दगडाची होत नाही. बापाने मुलाला या अंगणात आणून सांगायचं, आणि बायकांना नाही. आपला ईनक झोपेत गेला, त्याला सांगायला वेळ मिळाला नाही.

ताई, बाबा! ती काठी, तो हात, ते सगळं इथे, या पिंपाशेजारी बसून रचलेलं! मला राग यायला हवा होता. पण मी त्या दगडाकडे पाहत राहिलो आणि माझ्या मनात आलं की आपल्या दोघांना तिसऱ्या दिवशीही पुरावी एवढी भीती त्यांनी दर वर्षी नवी करून घरी आणली, कोरडी, स्वतःच्या डोक्यातून. कुठल्याही कवीने आपल्यासाठी एवढं केलं नाही. लव्हडेवहिनींच्या मनात असं काही आलं नसावं. त्या एंडाकॉटसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “माझा ओबेड दर वर्षी इथे बसायचा? ओल्या विजारीत घरी यायचा, आणि मी रात्रभर त्याचे पाय विटेने शेकायची! त्याच्या नावाने मेणबत्ती लावायची!” कोणीतरी मागून म्हणालं, “वहिनी, ओबेडभाऊ फार वाईट वाटून घ्यायचे.” “प्यायच्या आधी की नंतर?” वहिनींनी विचारलं. 

मग खरा पेच निघाला. एंडाकॉट घसा खाकरून म्हणाला की रिवाजाप्रमाणे थोरल्या मावशीला हात लावायचा, आणि आम्ही दोघांनी तो लावलेला नाही, कारण ती तिथे नव्हती. आमच्या हक्काचं जरा अवघडच आहे.   पण वहिनी म्हणाल्या, “रिवाजाप्रमाणे माळ चालूनही जायचं असतं. तो तुमच्यापैकी कोणी चाललंय? मग कोणाची चूल विझते ते पाहूच.”  शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आपापली चूल उभी राहिली असावी, कारण तोडगा निघाला: यंदा कोणीही लावलेला हात मोजायचा नाही. येत्या शनिवारी थोरल्या मावशीला घसरगाडीवर घालून सगळ्यांनी माळावर न्यायची, तिच्या खळग्यात पुन्हा उभी करायची, आणि तिथेच प्रत्येकाने हात लावायचा. जो येणार नाही त्याचा हक्क गेला. आणि ती त्या दिवशी पोचली नाही तर साऱ्या गावाचाच गेला. मला हे फार न्याय्य वाटलं. मी पहिला पेला उचलला. तेवढ्यात एंडाकॉट म्हणाला, “वाट दाखवायला सायलस पुढे. आमच्यात दुसऱ्या कोणाला ती ठाऊकच नाही.” आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या.

तर असं झालं. तब्येतीला जप, जावईबापूंना आशीर्वाद, नातीला पापा. चूल तुझी आठवण काढते. राखेत हात घालून लिहिणारा तुझा धाकटा भाऊ,

सायलस कॉन्टर

ता. क. विस्तव ठीक आहे. घरी पोचलो तेव्हा हिरमुसलेला होता, पण होता.

दुसरा ता. क. मला वाट ठाऊक नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. जाताना चकवा लागला होता आणि येताना मेंढी होती. हे मी कोणाला बोललेलो नाही. मेंढी कोणाची ते गुपचूप शोधतो आहे, पण आपल्या गावात मेंढ्या बऱ्याच आहेत आणि सगळ्यांच्या पाठी सारख्याच. तेव्हा तू शुक्रवारी मला एक तार कर की तू अत्यवस्थ आहेस. फार नको, फार लिहिलंस तर लव्हडेवहिनीही निघतील. थोडीशीच अत्यवस्थ.

तिसरा ता. क. तार राहू दे. आत्ताच ध्यानात आलं, मी तिकडे आलो तर विस्तव कोण सांभाळणार? शिवाय गेलो नाही तर आपला हक्क जातो तो जातोच. पण रिवाज माणसाचा नसतो, चुलीचा असतो. त्या चुलीपाशी जन्मलेलं कोणीही गेलं तरी चालतं, आणि थोरलं गेलं तर जास्त मान. मी एंडाकॉटला सहज विचारलं आणि सहजच सांगूनही टाकलं की शनिवारी आमच्या चुलीतर्फे केझायाताई येईल, तिला माळाची पहिल्यापासून फार ओढ, आणि वाट मी तिला पत्रात सविस्तर लिहिली आहे. सगळ्यांना आनंद झाला. घसरगाडीवर मावशीच्या शेजारी तुला बसायला गवताची गादी बांधत आहेत. लव्हडेवहिनी मात्र म्हणाल्या, “बहिणीला पुढे घालून स्वतः चुलीपाशी बसणार का, भावजी?” मी म्हटलं, कोणीतरी बसायलाच हवं. शुक्रवारच्या संध्याकाळच्या गाडीने ये, स्टेशनावर टांगा पाठवतो. बूट आतून मेणाने चोळ, आणि कोट असा घाल की ज्याचं अस्तर साधं आहे.

आणि घाबरू नकोस, ताई. माळावर घाबरण्यासारखं काहीही नाही.